कानांकडे कानाडोळा नको

जालना म्हटले की लोखंडी सळई, बियाणे आणि मोसंबी या तीन गोष्टी महाराष्ट्राला आठवतात. इथल्या औद्योगिक वसाहतीतील रोलिंग मिल आणि भट्ट्या यांचा आवाज कामगारांच्या दोन पिढ्यांनी ऐकला आहे. त्यातून निवृत्त झालेले अनेक जण आज साठी-सत्तरीत आहेत आणि वसाहतीलगतच्या वस्त्यांत मुला-नातवंडांसह राहतात. दोन खोल्यांचे घर. एक जण रात्रपाळी करून झोपलेला, एक मूल अभ्यासाला बसलेले, आणि आजोबांना मोबाइलवर कीर्तन ऐकायचे असते. मग नातू आपला जुना इअरफोन काढून देतो. आजोबांचे कीर्तन होते, कोणाची झोपमोड होत नाही, पुण्यात असलेल्या लेकीशी बोलतानाही तिचा आवाज नीट ऐकू येतो. सोय खरोखरच चांगली आहे.

या सोयीबरोबर कानाचे काही त्रासही घरात आले आहेत. मी ज्या भागात वैद्यकीय व्यवसाय करतो, तिथे पूर्वी कान दुखतो म्हणून येणाऱ्यांत सर्दी झालेली लहान मुले आणि विहिरीत पोहणारी पोरे अधिक असत. आता त्या रांगेत ज्येष्ठ नागरिकही दिसतात. कोणाला खाज, कोणाला दडा बसल्यासारखे वाटणे, कोणाला ओलसर स्राव, तर कोणाला रात्रभर झोपू न देणारी वेदना. आपले शहर डोळ्यांच्या बाबतीत जागरूक आहे. श्री गणपती नेत्रालयासारखी संस्था येथे असल्यामुळे मोतीबिंदू कधी दाखवावा हे घराघरांत ठाऊक आहे. कानाच्या वाट्याला मात्र अजून काडी, तेल आणि दुर्लक्ष एवढेच येते. म्हणून कानात बसणारा इअरफोन वापरताना कानाची निगा कशी राखावी, कोणता त्रास किरकोळ आणि कोणता गंभीर, हे आज आपण सविस्तर पाहू.

कान स्वतःची स्वच्छता स्वतः करतो

कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी प्रौढ माणसात साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. ती सरळ नसून किंचित वळणदार असते. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणजे लवचीक असतो. तिथे केस आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा असून त्यावरची त्वचा अत्यंत पातळ असते. हाडावर थेट ताणून बसवलेल्या या त्वचेला जरासा ओरखडा गेला तरी खूप दुखते, याचे कारण हेच.

ज्याला आपण मळ म्हणतो ती घाण नव्हे. ग्रंथींतून स्रवणारा स्निग्ध पदार्थ, झडलेल्या त्वचेचे कण आणि बाहेरची धूळ यांचे ते मिश्रण असते. ते किंचित आम्लधर्मी असल्यामुळे जिवाणू आणि बुरशी यांना सहजासहजी वाढू देत नाही. ते पाणी झिरपू देत नाही आणि धूळ धरून ठेवते. शिवाय कानाच्या नळीतील त्वचा पडद्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेने अतिशय संथ गतीने सरकत असते. या सरकत्या पट्ट्यावर बसून मळ आपोआप बाहेर येतो; चावताना आणि बोलताना होणारी जबड्याची हालचाल त्याला मदत करते. बहुतेकांना आयुष्यात एकदाही कानाच्या आत काही घालून तो साफ करण्याची गरज नसते. अंघोळीनंतर पंचाच्या टोकाने कानाची पाळी आणि भोकाचे तोंड पुसले की स्वच्छता पुरी झाली.

वय वाढले की या व्यवस्थेत थोडा बदल होतो. ग्रंथी आक्रसतात, मळ कोरडा आणि घट्ट होतो, पुरुषांच्या कानातील केस जाड होतात आणि मळ अडकून राहू लागतो. त्वचा कोरडी झाल्यामुळे खाज सुटते. खाज सुटली की हात काडीकडे, पिनेकडे, नाहीतर दुचाकीच्या किल्लीकडे जातो. पुढच्या अनेक त्रासांची सुरुवात इथे होते.

इअरफोनमुळे नेमके काय होते?

कानात बसणारा इअरफोन हे कानाच्या दृष्टीने एक बूच आहे. त्यामुळे चार गोष्टी घडतात.

पहिली, मळाची बाहेर येण्याची वाट बंद होते. रोज तासन्‌तास बूच बसवले आणि प्रत्येक वेळी ते दाबून आत सारले, तर बाहेर निघालेला मळ पुन्हा मागे ढकलला जातो आणि त्याचा गोळा घट्ट होतो. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांच्या बाबतीतही हेच घडते.

दुसरी, नळीत हवा खेळत नाही. आतली उष्णता आणि दमटपणा वाढतो. त्वचा ओलसर राहून मऊ पडते, जसे बराच वेळ धुणे धुतल्यावर बोटांचे होते. अशा मऊ पडलेल्या त्वचेतून जंतूंना शिरकाव करणे सोपे जाते. जालन्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा घामामुळे आणि पावसाळ्यात हवेतील ओलाव्यामुळे ही अडचण आणखी वाढते. अंघोळ करून कान ओला असतानाच इअरफोन घालणे म्हणजे ओले कपडे पेटीत बंद करून ठेवण्यासारखे आहे.

तिसरी, घर्षण. चुकीच्या मापाची रबरी टोपी नळीच्या तोंडाशी घासत राहते. डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात. काहींना रबर किंवा प्लास्टिक सोसत नाही आणि तिथे पुरळ व खाज येते.

चौथी, बाहेरची वस्तू आत जाते. इअरफोन खिशात, टेबलावर, दुचाकीच्या डिकीत, उशीखाली पडलेला असतो. तोच न पुसता कानात जातो. घरातील तिघे जण एकच इअरफोन वापरत असतील, तर एकाच्या कानातील बुरशी किंवा जिवाणू दुसऱ्याच्या कानापर्यंत जाण्याची वाट आपणच करून देतो.

‘तासभर इअरफोन घातला की कानातील जिवाणू कितीतरी पट वाढतात’ असा निरोप आपल्या मोबाइलवर आला असेल. त्याने घाबरून जाऊ नये. त्वचेवर जिवाणू नेहमीच असतात आणि त्यांची संख्या वाढली म्हणजे रोग झाला असे होत नाही. रोग होण्यासाठी ओल, ओरखडा आणि शरीराची कमी झालेली प्रतिकारशक्ती यांची साथ लागते. सुदैवाने यांपैकी पहिल्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी आपल्या हातात आहेत.

संसर्गाचे दोन नेहमीचे प्रकार

बाहेरच्या कानाच्या नळीला होणारा जिवाणूंचा संसर्ग हा पहिला प्रकार. कान दुखतो, कानाच्या भोकापुढचा लहानसा उंचवटा दाबला किंवा कानाची पाळी ओढली की वेदना वाढते. ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. नळी सुजल्यामुळे कमी ऐकू येते, काही वेळा पिवळसर स्राव येतो. वेळेवर दाखवले तर नळी स्वच्छ करून आठवडा-दहा दिवस औषधाचे थेंब घातल्यावर बहुतेक रुग्ण बरे होतात.

दुसरा प्रकार बुरशीचा. यात वेदनेपेक्षा खाज प्रबळ असते. कान भरल्यासारखा वाटतो. आत पाहिले असता ओल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखा थर आणि त्यावर काळे किंवा पांढरे ठिपके दिसतात. पावसाळ्यात हे रुग्ण वाढतात. बुरशीचा थर डॉक्टरांनी काढल्याशिवाय औषध त्वचेपर्यंत पोहोचत नाही, आणि उपचार मध्येच सोडले तर त्रास पुन्हा उलटतो.

या दोन प्रकारांची औषधे वेगळी आहेत. मेडिकलमधून ‘कानाचे थेंब द्या’ असे सांगून आणलेल्या बाटलीत अनेकदा प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकत्र असते. बुरशीच्या कानात असे थेंब घातले तर दोन दिवस खाज थांबल्यासारखी वाटते आणि नंतर बुरशी जोमाने वाढते. कानाच्या पडद्याला भोक असेल तर काही थेंब आतल्या कानाला अपायकारक ठरू शकतात. आत पाहिल्याशिवाय कोणते थेंब द्यावे हे सांगता येत नाही, हे आपण समजून घ्यावे.

मधुमेही ज्येष्ठांसाठी विशेष इशारा

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या देशात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे. ज्येष्ठांच्या जवळजवळ प्रत्येक कट्ट्यावर साखरेच्या गोळ्या घेणारा कोणी ना कोणी असतोच. मधुमेहात लहान रक्तवाहिन्यांतून होणारा पुरवठा मंदावतो, प्रतिकारशक्ती घटते आणि इतरांना आठवड्यात बरा होणारा संसर्ग अशा व्यक्तीच्या कानात खोलवर उतरू शकतो. स्यूडोमोनास नावाचा जिवाणू कानाच्या नळीतून भोवतालच्या हाडात आणि तेथून कवटीच्या तळाच्या हाडापर्यंत पोहोचतो. या आजाराच्या नावात वैद्यकीय परिभाषेत पूर्वी ‘मॅलिग्नंट’ हा शब्द असे. तो कर्करोग नव्हे, पण दुर्लक्ष झाल्यास जिवावर बेतू शकतो.

अडुसष्ट वर्षांचे एक निवृत्त भट्टीकामगार माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा कान दुखू लागून तीन आठवडे झाले होते. बारा वर्षांचा मधुमेह. रोज सकाळ-संध्याकाळ इअरफोनवर कीर्तन ऐकण्याचा परिपाठ. खाज सुटली की काडी फिरवत. घरच्यांनी आणलेले थेंब दोनदा बदलून झाले होते. “डॉक्टरसाहेब, दिवस कसाही निघतो, रात्र निघत नाही,” एवढेच ते म्हणाले. कानातून स्राव होता, भाकरी चावताना जबडा दुखत होता आणि साखर तीनशेच्या वर होती. नळीच्या आत मांसल फुगवटा दिसत होता. त्याच दिवशी त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे छत्रपती संभाजीनगरला पाठवले. हाडापर्यंत संसर्ग गेल्याचे तपासणीत आढळले. सहा आठवड्यांहून अधिक काळ प्रतिजैविके आणि इन्सुलिन चालले. ते बरे झाले. इअरफोन हे एकमेव कारण होते असे म्हणता येणार नाही. ओल, काडीचा ओरखडा, वाढलेली साखर आणि वाया गेलेले तीन आठवडे यांनी मिळून हा प्रसंग आणला. यांतील प्रत्येक कडी तोडता येण्यासारखी होती.

म्हणून मधुमेही व्यक्तीच्या, तसेच कर्करोगाचे उपचार, मूत्रपिंडाचा आजार किंवा दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या यांमुळे प्रतिकारशक्ती कमी झालेल्या व्यक्तीच्या कानात वेदना सुरू झाली, तर दोन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवावे. पुढील लक्षणे असतील तर त्याच दिवशी दाखवावे : रात्री वाढणारी आणि साध्या गोळीने न थांबणारी वेदना, चावताना जबड्याकडे जाणारी कळ, दुर्गंधीयुक्त किंवा रक्तमिश्रित स्राव, तोंड एका बाजूला वाकडे होणे किंवा एक डोळा नीट न मिटणे, ताप, चक्कर किंवा गिळताना त्रास.

घरगुती उपाय : काय चालेल, काय टाळावे

लसूण घालून कढवलेले तेल कानात सोडणे ही आपल्याकडची जुनी पद्धत. मळ मऊ करण्यासाठी तेलाचा उपयोग होतो, हे खरे आहे. अडचण अशी की ज्याच्या कानात ते घालायचे त्याचा पडदा शाबूत आहे की नाही, हे घरी कळत नाही. लहानपणी कान फुटलेल्या अनेकांच्या पडद्याला म्हातारपणीही भोक असते. अशा कानात तेल गेले तर आत संसर्ग होतो. तेल गरम असेल तर नळी भाजते. बुरशी असलेल्या कानात तेल सोडल्याने ओलावा आणि चिकटपणा वाढतो. म्हणून डॉक्टरांनी कान पाहून सांगितल्याशिवाय तेल, पेरॉक्साइड, कांद्याचा रस यांपैकी काहीही कानात सोडू नये.

कापसाच्या काड्यांमुळे मळ बाहेर येण्याऐवजी आत ठासला जातो. त्वचेचे संरक्षक अस्तर खरवडले जाते आणि धक्का लागला तर पडदा फाटू शकतो. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या ज्येष्ठांच्या कानात एवढ्यानेही बराच रक्तस्राव होतो. जत्रेत, बाजारात किंवा रेल्वे स्थानकाबाहेर कान कोरून देणाऱ्यांच्या हाती कान देऊ नये; तेच हत्यार दिवसभर किती कानांत गेले याची गणती नसते.

मळाचा खडा झाला असेल तर डॉक्टर तो आधी थेंबांनी मऊ करून, उपकरणाने किंवा शोषणयंत्राने काढतात. पिचकारीने पाणी मारून कान धुण्याची पद्धतही वापरली जाते. मात्र मधुमेह असलेल्या, पडद्याला भोक असलेल्या किंवा पूर्वी कानाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या बाबतीत ती टाळणे श्रेयस्कर. आपल्याला मधुमेह आहे आणि कान पूर्वी फुटला होता, हे विचारण्याची वाट न पाहता आपणहून सांगावे.

इअरफोनची स्वच्छता

प्रत्येकाचा इअरफोन वेगळा असावा, हा पहिला नियम. कमी किमतीचा असला तरी चालेल, पण स्वतःचा असावा. त्यावर रंगीत दोरा बांधून खूण करावी म्हणजे घरात अदलाबदल होत नाही.

रोज वापरानंतर कोरड्या, मऊ, स्वच्छ फडक्याने तो पुसावा. आठवड्यातून एकदा रबरी टोप्या काढून कोमट पाणी आणि सौम्य साबण यांनी धुवाव्यात आणि पूर्ण वाळल्यावरच पुन्हा बसवाव्यात. स्पंजच्या टोप्या धुऊन टिकत नाहीत, त्या बदलाव्यात. इअरफोनचा मुख्य भाग पाण्यात बुडवू नये. फडक्याला किंचित स्पिरिट लावून तो पुसावा आणि स्पिरिट उडून गेल्यावरच कानात घालावा. जाळीत अडकलेला मळ काढताना जाळीचे तोंड खाली धरून मऊ, कोरड्या ब्रशने हलकेच झाडावे; टाचणीने कोरू नये. बिनतारी इअरफोनची डबी आतून पुसायला विसरू नये, कारण धुतलेला इअरफोन मळक्या डबीत ठेवला तर सारा खटाटोप वाया जातो. आम्ही डॉक्टर मंडळी स्टेथोस्कोपही कानातच घालतो. दुसऱ्याचा स्टेथोस्कोप घेतला तर त्याची टोके आधी स्पिरिटने पुसतो. घरात याहून वेगळा नियम असण्याचे कारण नाही.

वापराबाबतही काही पथ्ये आहेत. अंघोळीनंतर कान पूर्ण कोरडे होईपर्यंत इअरफोन घालू नये. सलग तासभर ऐकल्यावर तो काढून कानाला थोडा वेळ हवा लागू द्यावी. इअरफोन घालून झोपू नये. टोपी नळीत जोर लावून दाबू नये. ती बसत नसेल तर लहान माप घ्यावे. कानात खाज, वेदना किंवा स्राव असताना इअरफोन पूर्ण बंद ठेवावा आणि बरे झाल्यावर टोप्या नव्या घ्याव्यात. टोपी कानातच राहिली तर चिमट्याने ओढू नये. ती आत सरकते. कान तसाच ठेवून दवाखान्यात यावे.

मधुमेही व्यक्तीसाठी आणि कान वारंवार फुटणाऱ्यांसाठी कानावरून बसणारा, नळीत न शिरणारा हेडफोन अधिक सुरक्षित. घरात अडचण नसेल तेव्हा मोबाइल समोर ठेवून स्पीकरवर ऐकणे त्याहूनही उत्तम.

कारखान्यात काम करणाऱ्यांसाठी

वसाहतीत काम करणाऱ्या मुला-सुनांनीही हे वाचावे. आवाजापासून संरक्षणासाठी दिलेले इअरप्लग हेही एक बूचच आहे. लोखंडाची भुकटी, ग्रीस आणि घाम लागलेल्या बोटांनी स्पंजचा प्लग वळून कानात घातला तर ती घाण थेट नळीत जाते. प्लग घालण्यापूर्वी हात धुवावेत. एकदाच वापरायचा प्लग दुसऱ्या दिवशी वापरू नये. पुन्हा वापरायचा प्लग धुऊन, वाळवून डबीत ठेवावा. कान दुखतो म्हणून प्लग न घालता मिलमध्ये उभे राहणे योग्य नव्हे. अशा वेळी कानावर बसणारे संरक्षक मागून घ्यावे. कारखान्यांच्या नियमांनुसार आठ तासांच्या पाळीसाठी आवाजाची मर्यादा ९० डेसिबल आहे, आणि आवाजामुळे येणाऱ्या बहिरेपणाचा समावेश कायद्यातील सूचनीय आजारांच्या यादीत आहे.

काही तरुण प्लगऐवजी इअरफोन घालून गाणी ऐकत काम करतात. मिलचा आवाज दडपण्यासाठी गाण्याचा आवाज त्याहून वर न्यावा लागतो. त्यात कानावर दुहेरी भार पडतो, शिवाय क्रेनचा इशारा किंवा सहकाऱ्याची हाक ऐकू येत नाही.

आवाज आणि श्रवण

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला ४० तासांपर्यंत ८० डेसिबल एवढाच आवाज ऐकावा. आवाज जसा वाढेल तशी ही मुदत झपाट्याने घटते. घरात सोपी कसोटी अशी : मोबाइलचा आवाज साठ टक्क्यांच्या आसपास ठेवावा, आणि हातभर अंतरावरील माणसाला आपल्या इअरफोनमधील शब्द ऐकू येत असतील तर तो कमी करावा.

पण आजोबा सांगतील, “कमी केला तर ऐकूच येत नाही.” याचा अर्थ इअरफोन पुरेसा नाही, श्रवण तपासण्याची वेळ आली आहे. याच संघटनेच्या माहितीनुसार साठीच्या पुढील सुमारे २५ टक्के लोकांना दैनंदिन व्यवहारात अडथळा आणणारे श्रवणदोष असतात. वयपरत्वे येणाऱ्या बहिरेपणात ‘स’, ‘श’, ‘फ’ अशा बारीक नादाचे वर्ण आधी हरवतात; त्यामुळे आवाज येतो, शब्द कळत नाही. अशा कानाला नुसता मोठा आवाज उपयोगी पडत नाही. श्रवण तपासणीनंतर योग्य जुळवणी केलेले श्रवणयंत्र हा त्यावरचा उपाय. न ऐकू येणारा माणूस हळूहळू बोलण्यातून, बैठकीतून, घरातूनही दूर होत जातो. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत श्रवणदोषाची गणना होते, ते उगीच नव्हे. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांवरील पात्र नागरिकांना साहित्य खरेदीसाठी ३,००० रुपयांचे साहाय्य मिळते. त्या साहित्यात श्रवणयंत्राचाही समावेश आहे. पात्रतेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी त्याचा साचा रोज पुसावा. वेगळा होणारा साचा असेल तर आठवड्यातून काही वेळा कोमट साबणपाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा. यंत्राला पाणी लावू नये. रात्री ते काढून कानाला विश्रांती द्यावी. त्याचे गोळीसारखे दिसणारे सेल नातवंडांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावेत.

आणखी एक सूचना. एका कानाने अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येणे कमी झाले तर ‘मळ असेल’ म्हणून थांबू नये. कधी तो आतल्या कानाच्या नसेचा आजार असतो आणि त्यावरील उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तरच अधिक गुण येतो. तसेच तंबाखू खाणाऱ्या व्यक्तीचा कान सतत दुखत असेल आणि तपासणीत कान निर्दोष आढळला, तर जीभ, टाळू आणि घसा यांची तपासणी आवर्जून करून घ्यावी. घशातील दुखणे कानात जाणवू शकते.

काळजीवाहकांसाठी आठवड्याची तपासणी

ज्येष्ठांची देखभाल करणाऱ्यांनी आठवड्यातून एक दिवस ठरवावा. नखे कापण्याचा दिवस सोयीचा. त्या दिवशी उजेडात बसवून कानाचे तोंड पाहावे : लाली, ओल, पापुद्रा, वास आहे का? पुढचा उंचवटा हलकेच दाबून दुखते का, ते विचारावे. मागे उभे राहून हलक्या आवाजात नाव घ्यावे आणि दोन्ही बाजूंनी ऐकू येते का, ते पाहावे. उशीच्या अभ्य्रावर डाग आहे का, ते बघावे. स्राव अनेकदा तिथेच प्रथम दिसतो. त्याच वेळी इअरफोनच्या किंवा यंत्राच्या टोप्या धुऊन वाळत घालाव्यात. स्मृतिभ्रंश झालेली किंवा पक्षाघातामुळे बोलू न शकणारी व्यक्ती कान दुखतो असे सांगत नाही. ती कानाकडे हात नेते, जेवण टाळते, चिडचिड करते. अशा वेळी कान पाहण्यास सांगावे.

या साऱ्याला दहा मिनिटे लागतात आणि खर्च जवळजवळ नसतो. आजोबांचे कीर्तन, आजीचा लेकीशी होणारा रोजचा संवाद बंद करण्याची काहीच गरज नाही. इअरफोन त्यांचा स्वतःचा असू द्या, तो स्वच्छ असू द्या, कान कोरडा असू द्या आणि काडी घराबाहेर असू द्या. साखर ताब्यात ठेवा. आणि ज्या रात्री कानाच्या दुखण्याने झोप येणार नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मेडिकलच्या आधी दवाखाना गाठा.